खाण्यापिण्याच्या जिनसा वगळून

२९ सप्टेंबर १४८०, सान मिगेलचा सण

मिस्सा सुटल्यावर चर्चच्या ओसरीत नगरसभा भरली. दरबारातून आलेला हुकूम मीच वाचून दाखवला. तसलं वळणदार अक्षर न अडखळता वाचणारा दुसरा माणूस मोन्तेरादात नाही.

राज्यातले सगळे जुगाराचे अड्डे आजपासून बंद. फासे करणारा, विकणारा आणि फेकणारा, तिघेही गुन्हेगार. नगरांनी अड्ड्यांचे मक्ते देणं थांबवायचं. वसंत ऋतू लागायच्या आत दरबारचा तपासनीस केव्हाही येईल, आणि ज्या नगरात हुकूम मोडलेला दिसेल तिथल्या लेखनिकाला कामावरून काढून टाकील.

शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. लेखनिक मी आहे. माझ्याआधी माझे वडील होते. सभागृहाला लागून असलेलं हे घरही लेखनिकाचं, म्हणजे काम गेलं की घर गेलं.

सभासद तेयो बार्बा दाढी कुरवाळत म्हणाले, "घाबरू नका हो, फोर्तून. तुमचं काही बरंवाईट झालंच तर माझा पुतण्या आहे. सालामांकाहून शिकून आलाय. अक्षर कसं, मोत्यासारखं!"

"मोती शिंपल्यातच राहू द्या अजून," मी म्हणालो. सगळे हसले. मीही हसलो, पण घरी येईपर्यंत ते हसू टिकलं नाही.

मेन्सियाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग पास्कुआलाचं काय होणार?"

पास्कुआला ही अड्ड्याची मक्तेदारीण. आमच्या डोक्यावरचं छप्पर जायची वेळ आलीय आणि माझ्या बायकोला त्या बाईची काळजी! बायकांचं मन हळवं असतं, दुसरं काय.

२ ऑक्टोबर

आज चौकात फाशांची होळी केली. शिपाई नुन्योने घरोघर फिरून एकसष्ट जोड्या गोळा केल्या. नुन्यो मेन्सियाचा भाचा. तिशी उलटली तरी लग्नाचं नाव नाही, पण कामाला वाघ.

हाडाचे फासे जळत नाहीत हे मला ठाऊक नव्हतं. नुसता धूर झाला, आणि केस जळाल्यासारखी घाण गावभर पसरली. शेवटी लोहाराकडून घण आणून ते फोडावे लागले. लोक इतके गंभीर उभे होते की जणू कुणाला पुरायला आलेत.

पास्कुआला कमरेवर हात ठेवून बघत होती. म्हणाली, "लेखनिकसाहेब, फासे फोडलेत, आता बोटंही छाटणार का?"

"गरज पडणार नाही," मी म्हणालो. पण रात्रभर तोच प्रश्न डोक्यात घोळला. फासा काय, कुणीही चाकूने दुपारभरात कोरतो.

५ ऑक्टोबर

उपाय सापडला! आमच्याकडे जुनी पद्धत आहे. फार नादी लागलेला माणूस लेखनिकापुढे येऊन बायबलवर हात ठेवतो आणि अमुक दिवस खेळणार नाही अशी शपथ लिहून देतो. मोडली तर दंड. वडिलांच्या दप्तरात अशा तीस-चाळीस शपथा आहेत. मग एकेकट्याने कशाला? सगळ्या गावानेच घ्यावी.

दिवसभर मसुदा करत बसलो. हुकुमातच एक सवलत आहे: जी खाण्यापिण्याची जिनस जिथे जिंकली तिथेच खाल्ली-प्याली जाते, तिच्यावर खेळायला हरकत नाही. घोटभर दारूसाठी किंवा मूठभर अक्रोडांसाठी चार मित्र खेळले तर राज्य बुडत नाही, हा त्यातला अर्थ. एवढं मोठं वाक्य प्रत्येक शपथेत घालायचं तर कागद पुरला नसता. म्हणून मी ते आटोपशीर केलं: "मी पैसा, कपडा, जनावर, जमीन यांवर खेळणार नाही, खाण्यापिण्याच्या जिनसा वगळून." मोजकं आणि डौलदार. वडील असते तर पाठ थोपटली असती.

मेन्सियाला वाचून दाखवलं. ती वाटाणे सोलत होती. म्हणाली, "छान झालंय. आणि बायकांनी पण घ्यायची का हो शपथ?"

"बायका कुठे खेळतात?"

ती पुढची शेंग सोलत म्हणाली, "ते पण खरंच."

८ ऑक्टोबर, रविवार

एकशे चौदा पुरुष! मिस्सेनंतर रांग लागली ती चौकापर्यंत. पाद्री आंतोलिनने स्वतः बायबल धरलं, हात दुखेपर्यंत. ज्यांना सही येत नाही त्यांनी क्रूस काढला. तेयो बार्बांनीही सही केली, नाक मुरडून का होईना.

मध्येच नुन्योने विचारलं, "काका, कोंबडी हे जनावर की जेवण?"

लोक एकदम गप्प झाले. कायद्याच्या बारकाव्यात लोकांना इतका रस असतो हे पाहून बरं वाटलं. मी म्हणालो, "चार पाय ते जनावर. दोन पायांचं जे काही आहे ते जेवण."

"म्हणजे तेयोसाहेब पण?" मागून कुणीतरी म्हणालं. हशा झाला. रांग त्यानंतर भराभर सरकली. इतक्या आनंदाने लोकांनी एखादं व्यसन सोडलेलं मी पाहिलं नव्हतं.

३० ऑक्टोबर

तीन आठवड्यांत एकही तक्रार नाही. पास्कुआलाने अड्ड्याचं टेबल अंगणात काढून त्यावर फळी टाकली आहे आणि आता तिथे गावच्या बायका दर गुरुवारी सूत कातायला जमतात. मेन्सियाही जाते. चाळिशीनंतर नवीन काही शिकायची हौस कौतुकाचीच म्हणायची.

खाटीक सांगत होता, मेंढीच्या मागच्या पायाच्या घोट्याला म्हणे एवढी मागणी कधी नव्हती. लोक बाकीचं मटण राहू दे म्हणतात पण ते चौकोनी हाड आधी मागून घेतात. थंडी लवकर पडली आहे. सांधे धरले असतील. हाडांचं सूप चांगलं त्याला.

११ नोव्हेंबर, सान मार्तिन

डुकरं मारण्याचा दिवस. सगळं गाव मीठ, लसूण आणि धुराच्या वासाने भरून गेलंय.

मेन्सिया पास्कुआलाकडून येताना सॉसेजच्या सहा माळा घेऊन आली. "हे कुठून?" तर म्हणे, "सूत चांगलं निघालं आज."

सुताच्या बदल्यात सॉसेज! मी हिशेब विचारणार होतो, पण तिने एक माळ चुलीवर टाकली आणि विषय राहून गेला.

२० डिसेंबर

लिहायला बसलो कारण मनात शंका आहे आणि ती दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही.

सगळं फारच सुरळीत चाललं आहे. मी लहानपणापासून या गावात राहतो. इथे दोन माणसं पावसाला थांबली तरी पाऊस केव्हा उघडेल यावर पैज लागते. माझे सख्खे मामा एका रात्रीत बैलजोडी हरले होते. अशी माणसं माझ्या एका वाक्याने बदलतील? दर महिन्याला मी दरबारला लिहून कळवतो, "मोन्तेरादात जुगार नाही," आणि सही करण्याआधी ते वाक्य परत वाचतो. मग खिडकीतून चौकात पाहतो. लोक शांत, हसतमुख, काखेत कोंबडी घेऊन इकडून तिकडे जाताहेत. म्हणजे खरंच नाही.

मेन्सियाला म्हटलं, "मला भीती वाटते."

ती म्हणाली, "कशाची? तुमची शपथ कुणी मोडलेली नाही. मी जीव गहाण ठेवून सांगते."

ती खोटं बोलत नाही. मला झोप लागली.

१७ जानेवारी १४८१, सान आंतोन

जनावरांना आशीर्वाद देण्याचा दिवस. एरवी खेचरं, बैल, मेंढ्या येतात. यंदा चर्चच्या दारात कोंबड्याच कोंबड्या. पाद्री आंतोलिनचं पवित्र पाणी संपलं.

एक गोष्ट नोंदवून ठेवतो. तुटक्या तुऱ्याची एक पांढरी कोंबडी आहे. सोमवारी ती बेकरीवाल्याच्या काखेत पाहिली. बुधवारी चांभाराच्या अंगणात. शुक्रवारी खुद्द आंतोलिनच्या परसात. आज आशीर्वादाला तिला आमची मेन्सिया घेऊन आली होती! लोक तिला "राणी" म्हणतात आणि वाट करून देतात.

यावरून मी एक निष्कर्ष काढला. जुगारात एक माणूस दुसऱ्याकडून हिसकावतो. जुगार गेला तसा लोकांचा स्वभाव उलटा फिरला. आता ते एकमेकांना भेटी देत सुटलेत. दरबारच्या पत्रात हे घालायला हवं.

आमच्या खुराड्यात सप्टेंबरमध्ये चार कोंबड्या होत्या. आज मोजल्या, एकतीस. मेन्सियाच्या हाताला गुण आहे.

९ फेब्रुवारी

दरबारला मोठं पत्र पाठवलं. चार पानं. "या नगरात परोपकाराचा उदय" असा एक परिच्छेद. तेयो बार्बांनी आपणहून विचारलं की दरबारला काय काय लिहिलंत, आणि सगळं ऐकून फार गोड हसले. हल्ली तेही गुरुवारी पास्कुआलाच्या अंगणात जातात म्हणे. सूत कातायला नसतील गेले. पण माणूस मिसळायला लागला, हेही थोडं नाही.

१ मार्च, गुरुवार

संकट आलं.

सकाळी दरबारचा जासूद आला. तपासनीस सेन्योर ओर्दोन्यो राखेच्या बुधवारी, म्हणजे उपवास सुरू होतात त्या दिवशी, सात तारखेला, येताहेत. मोन्तेरादात खुलेआम जुगार चालतो आणि लेखनिक तो लपवतो अशी लेखी तक्रार पोचली आहे. जासूदाने ती दाखवली; खाली सही तेयो बार्बा. पुतण्याचं मोत्यासारखं अक्षर मी लगेच ओळखलं.

मी नुन्योला बोलावलं. "खोटी तक्रार आहे ना रे?"

नुन्यो टोपी हातात घेऊन जमिनीकडे बघत राहिला.

"नुन्यो."

"काका, तुम्हाला खरंच माहीत नाही? आम्हाला वाटायचं तुम्ही डोळेझाक करताय. सगळे म्हणायचे, काय मोठ्या मनाचा माणूस आहे."

मग त्याने सांगितलं. पास्कुआलाचं अंगण. मेंढीच्या घोट्याचं हाड फासा म्हणून. आणि डावावर कोंबड्या, चीज, सॉसेज, खारवलेल्या तंगड्या. सगळं खाण्याचं. "तुमच्या शपथेप्रमाणेच खेळतो, काका. मारावेदीचं एक नाणं टेबलावर आलेलं नाही. कुणी आणलं तर आत्या..."

"नुन्यो, दाराला कडी लाव, थंडी येतेय," मेन्सिया आतून म्हणाली, आणि तो कडी लावायला गेला.

मी हुकुमाचा मूळ कागद काढून पाहिला. "जिथे जिंकली तिथेच खाल्ली-प्याली." आणि माझ्या शपथेत ते शब्द नाहीत. मीच गाळले. कागद वाचवायला. या गावात आज तीनशेवर कोंबड्या जिवंत आहेत, ज्या कुणीतरी जिंकल्या आणि खाल्ल्या नाहीत. कुणीही शपथ मोडलेली नाही. हुकूम मात्र एकशे चौदा जणांनी मोडला, आणि तो मोडायचा रस्ता मी माझ्या हाताने लिहून दिला.

२ मार्च

दौती गुंडाळून पेटीत ठेवल्या. वडिलांची लेखणी हातात घेतली आणि परत ठेवली. राजीनामा आजच लिहावा की तपासनीसासमोर? पळून जाणाऱ्यासारखा की पकडलेल्यासारखा? दोन्ही मसुदे केले. दोन्ही वाईट झाले.

३ मार्च

मेन्सियाने पेटीतून दौती परत काढून टेबलावर मांडल्या होत्या.

ती समोर बसली. म्हणाली, "मला तो कागद वाचून दाखवा. तुम्ही गाळलेला भाग."

मी वाचला. "जी जिनस जिथे जिंकली तिथेच खाल्ली-प्याली जाते."

"परत वाचा."

परत वाचला.

"तिथेच," ती म्हणाली. "म्हणजे जागा सांगितलीय. कधी खायची ते कुठे आहे?"

मी कागद उलटा केला, सुलटा केला. कुठेही नाही. जागा आहे, वेळ नाही! राज्याच्या सगळ्या पंडितांकडून वेळ लिहायची राहून गेली.

"पण म्हणून काय? कोंबड्या घराघरांत आहेत."

"पाय आहेत ना त्यांना," ती म्हणाली. "आल्या तशा परत जातील. मंगळवार उपवासाआधीचा शेवटचा दिवस. त्या दिवशी तसंही सगळे खायला बसलेले असतात. बुधवारपासून चाळीस दिवस मांस बंद."

आणि इथे, हे लिहून ठेवायलाच हवं, माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी उठून उभा राहिलो आणि म्हणालो, "मेन्सिया! सगळ्या जिंकलेल्या जिनसा मंगळवारी पास्कुआलाच्या अंगणात आणायच्या आणि तिथेच खाऊन टाकायच्या!"

"अहो, काय डोकं आहे तुमचं," मेन्सिया म्हणाली.

५ मार्च

नुन्योने घरोघर निरोप दिला. लोक कुरकुरले. बेकरीवाला म्हणाला, "पाच महिन्यांची कमाई एका दिवसात खायची?" चांभाराची बायको त्याला म्हणाली, "कमाई? तीन गेल्या नि एक आली, याला कमाई म्हणतात होय?" पण माझं काम जाणार, पुतण्या येणार आणि मागोमाग प्रत्येकाला दंड होणार हे कळल्यावर सगळे कबूल झाले.

एका गोष्टीने मात्र मी अस्वस्थ आहे. तेयो बार्बांकडेही बारा कोंबड्या आहेत. तक्रार सिद्ध करायला ते महिनाभर अंगणात जाऊन खेळले आणि जिंकलेलं सांभाळून ठेवलं. त्यांनाही बोलवावं म्हणून मी निघालो, तर मेन्सिया म्हणाली, "तुम्ही नका जाऊ, मी जाते."

परत आल्यावर विचारलं, "येणार का?"

"नाही हो. मीच म्हटलं, तुमच्या राहू द्या, सेन्योर. तुम्हाला पुराव्याला लागतील."

मी कपाळाला हात लावला. "अगं, शत्रूला कुणी असा सल्ला देतं का?"

"बोलून गेले खरी," ती म्हणाली आणि तांब्याच्या भांड्याला कल्हई आहे का बघायला लागली.

६ मार्च, मंगळवार

हात अजून तेलकट आहेत, अक्षर पसरेल.

सूर्य उगवायला पास्कुआलाच्या अंगणात अकरा चुली पेटल्या. लोक कोंबड्या घेऊन आले. पास्कुआला दारात उभी राहून ओरडून सांगत होती: "बेकरीवाला, नऊ! पाद्री आंतोलिन, चौदा! अरे बापरे, पाद्रीबाबा, प्रार्थना कधी करत होता?" आंतोलिन म्हणाले, "हाड हवेत असताना, बाई." सगळं अंगण हसलं.

मग आमची मेन्सिया आली. तिच्यामागे नुन्यो हातगाडी ओढत होता. "लेखनिकाची मेन्सिया," पास्कुआला ओरडली आणि श्वास घ्यायला थांबली, "त्रेसष्ट!"

टाळ्या! लोकांनी टोप्या उडवल्या. मला भरून आलं. कुणी एक जिंकलेली कोंबडी आणताना कुरकुरत होता, आणि ही बाई स्वतःच्या हाताने वाढवलेल्या त्रेसष्ट, केवळ नवऱ्याची अब्रू राहावी म्हणून, इतरांच्यात मिसळून देत होती. मी पास्कुआलाला तसं म्हणालो. ती माझ्या खांद्यावर थोपटत म्हणाली, "हो हो. त्यातल्या एकोणीस तर मला चांगल्या आठवतात." मोठ्या मनाच्या बाईला मोठ्या मनाची मैत्रीण असते.

दिवसभर खाल्लं. भाजून, केशरात शिजवून, हरभऱ्यात घालून, बदामाच्या रश्श्यात. चीज संपवलं. तंगड्या हाडापर्यंत सोलल्या. म्हाताऱ्या बिब्यानाने एकटीने दोन कोंबड्या संपवल्या आणि तिसरीकडे बघून रडली. दुपारी लोक थकले. तेव्हा मी टेबलावर चढलो. "मोन्तेरादाकरांनो! एक पंखही उरता कामा नये! प्रत्येक घास हा कायदा आहे!"

"लेखनिकसाहेब," बेकरीवाला पोट धरून म्हणाला, "मी आता फार कायदेशीर झालोय."

गाणी सुरू झाली आणि पुन्हा भूक लागली. तुटक्या तुऱ्याच्या राणीला मारायला कुणी धजेना, तेव्हा आंतोलिनने तोडगा काढला: ती आज सकाळी अंडं घालून गेली आहे, ते अंडं तिच्या वतीने खावं, आणि ती मठाला दान द्यावी. दान म्हणजे जुगार नव्हे. अंडं मला दिलं.

चर्चची घंटा होईपर्यंत अंगणात हाडांखेरीज काही उरलं नव्हतं.

७ मार्च, राखेचा बुधवार

सेन्योर ओर्दोन्यो सकाळी नऊला आले. वाळलेला, उंच माणूस, काळा झगा, पापणी लवत नाही. सगळ्यांच्या कपाळावर राख. गावात अशी शांतता की कोंबडा आरवला नाही, कारण नव्हताच.

चौकात बायबल ठेवलं. त्यांनी एकेकाला विचारलं.

"तू खेळलास?"

"खेळलो, महाराज."

"कशावर?"

"कोंबड्यांवर."

"कुठे आहेत त्या?"

बेकरीवाल्याने पोटावर हात ठेवला. "इथे."

"कुठे खाल्ल्यास?"

"जिथे जिंकल्या तिथेच, महाराज. पास्कुआलाच्या अंगणात."

चौदाव्या माणसानंतर त्यांनी विचारणं थांबवलं आणि माझ्याकडे वळले. "लेखनिक, हुकुमाचा अर्थ असा की लगेच खावं."

वडिलांची लेखणी खिशात होती. मी हुकूम उलगडला आणि म्हणालो, "महाराज, अर्थ आपण सांगाल तो. शब्द मात्र दरबारचे आहेत. त्यात जागा आहे. वेळ नाही. दरबारला वेळ हवी असती तर दरबारने लिहिली असती. दरबार चुकला, असं माझ्यासारख्या लेखनिकाने कसं म्हणावं?"

सेन्योर ओर्दोन्योंनी हुकूम ओळीवर बोट ठेवून वाचला. तीनदा.

तेवढ्यात तेयो बार्बा पुढे आले. "महाराज, हे सगळं नाटक आहे! पुरावा माझ्याकडे आहे!" त्यांच्या नोकराने पिंजरा आणला. बारा कोंबड्या, प्रत्येकीच्या पायाला चिठ्ठी: कुणाकडून, कोणत्या तारखेला. मोत्यासारखं अक्षर.

"या कुणी जिंकल्या?" तपासनीसांनी विचारलं.

"मी. पुराव्यासाठी."

"म्हणजे तुम्ही खेळलात."

"पुराव्यासाठी!"

"आणि खाल्ल्या नाहीत."

"पुरावा खाऊन कसं चालेल, महाराज?"

"जिथे जिंकल्या तिथे आहेत?"

"नाही, माझ्या परसात..." तेयो थांबले. मग घाईघाईने म्हणाले, "खातो. आत्ता तिथे जाऊन खातो."

"आज?" पाद्री आंतोलिन क्रूसाची खूण करत म्हणाले. "राखेच्या बुधवारी? कोंबडी?"

अख्ख्या मोन्तेरादात जिंकलेली आणि न खाल्लेली जिनस ज्याच्याकडे सापडली असा एकच माणूस निघाला. निकाल मी माझ्या हाताने लिहिला, आणि इतकं सुबक अक्षर मी आयुष्यात काढलं नसेल. तेयो बार्बांना हुकुमाप्रमाणे दंड, आणि वर्षभर नगरसभेत बसायची मनाई. नगर निर्दोष. लेखनिक फोर्तून साल्सेदो कामावर कायम, हयातभर, घरासकट.

तो "हयातभर" शब्द वाचताना लोकांनी मला खांद्यावर उचललं. उपवासाचा दिवस होता, ओरडायला बंदी, म्हणून सगळे गप्प राहून मला चौकातून तीनदा फिरवून आणत होते. असा विजय कुणी पाहिला नसेल. बिब्याना तेवढी रडत होती. आनंदाने, किंवा तिसऱ्या कोंबडीच्या आठवणीने.

८ मार्च

सेन्योर ओर्दोन्यो दुपारी निघाले. त्याआधी आमच्याकडे जेवले: खारा मासा, हरभरे, पालक. मी आत निकालाची नक्कल उतरवत होतो. बाहेरून आवाज येत होते. बाहेर आलो तर दोघं टेबलाशी समोरासमोर, मध्ये सुक्या अंजिरांची टोपली.

"तुमच्या पत्नी मला इथली एक रीत दाखवत होत्या," तपासनीस म्हणाले. त्यांच्या पुढ्यात एकही अंजीर नव्हतं. मेन्सियाच्या पुढ्यात ढीग होता आणि ती एकेक अंजीर शांतपणे खात होती.

"सगळी आत्ताच खायची?" त्यांनी विचारलं.

"इथेच, महाराज," मेन्सिया म्हणाली. "केव्हा, ते माझ्यावर."

त्या वाळक्या माणसाला हसताना मी प्रथमच पाहिलं. मी अदबीने नक्कल पुढे केली. त्यांनी ती घेतली, झगा आवरला, आणि दारात थांबून म्हणाले, "मोन्तेरादाएवढं तल्लख कायद्याचं डोकं मी साऱ्या कास्तीलमध्ये पाहिलं नाही. दरबारला तसं कळवीन."

मी मान लववली. बोलताना त्यांची नजर माझ्याकडे नव्हती, मेन्सियाकडे होती. पण खिडकी त्या बाजूला आहे, आणि म्हाताऱ्या डोळ्यांना उजेडाकडे पाहायची सवय असते.